उघड्या पोटाचं टेबल

आप्पा, परवा मी तुमच्या टेबलाखाली हात घालून आले.

कॉलेजनं जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. शाल, नारळ, आणि प्रत्येक वक्त्याची तीच पाच वाक्यं. तिसऱ्या भाषणाला मी उठले आणि काठी टेकत ग्रंथालयात गेले. तुमची आठही टेबलं तिथे आहेत. मधल्या काळात आणलेली प्लायवूडची टेबलं थर सुटून कधीच भंगारात गेली, लोखंडी कपाटांना गंज चढला, भिंतींचा गिलावा दोनदा पडून दोनदा झाला. तुमची टेबलं उभी आहेत. मी एकेकाला कमरेनं धक्का देऊन बघितला. नव्वदीला टेकलेल्या बाईचा धक्का तो केवढा, पण एकही सांधा कुरकुरला नाही. तिथले ग्रंथपाल लगबगीनं आले. "आजी, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "नाही. तपासणी चालू आहे." त्यांना मी कुठल्यातरी समितीची वाटले असावे, कारण त्यांनी लगेच टेबलावरचा चहाचा कप उचलला. बरं झालं. शिसवावर कप ठेवू नये एवढं त्यांना आता कळलं असेल.

खिडकीजवळच्या टेबलाशी मी खुर्ची ओढून बसले आणि तळवा खालून फिरवला. पोट खरखरीत, पॉलिशचा थेंब नाही. डाव्या कडेला बोटाला तो उथळ खड्डा लागला, चाकूनं खरवडल्याचा. म्हणजे हेच ते. सत्तरहून जास्त वर्षं झाली, खड्डा होता तेवढाच आहे. वरची बाजू हजारो मुलांच्या कोपरांनी घासून अशी झाली आहे की पॉलिश लाकडावर आहे की लाकडातूनच आलंय, सांगता येऊ नये. मला फार आनंद झाला, आप्पा. शाल पांघरली तेव्हा झाला नव्हता. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि तुमचं काम अजून रोज सकाळी दहाला हजर असतं. माणसांच्या बाबतीत मी एवढं म्हणू शकत नाही.

शिवाजी पेठेतल्या आपल्या घरामागं पत्र्याची शेड होती आणि तिची एक भिंत तालमीची. पलीकडे पैलवान जोर मारायचे, अलीकडे तुमचा रंधा चालायचा, आणि दोन्हीकडचे हुंकार सारखेच असायचे. शेडमध्ये फळ्यांच्या थप्प्या. दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या, वारा फिरावा म्हणून. दोन पावसाळे अंगावर घेतल्याशिवाय तुम्ही शिसवाच्या फळीला हत्यार लावायचा नाहीत. कुणी घाई केली तर म्हणायचात, "पावणं, तुमच्याकडं लगीन हाय, ठावं हाय. पर लाकडाला कुणी पत्रिका दिल्याली न्हाय." गिऱ्हाईक हसायचं आणि थांबायचं. न थांबणारं सागवानाकडं जायचं. तुम्ही त्यालाही वाईट म्हणत नव्हता. "सागवान समजूतदार हाय," म्हणायचात, "सांगंल तिकडं वळतंय. शिसव तुझ्या आईसारखं. पयलं भांडतंय, मग जन्माची साथ देतंय." आत चुलीपाशी आई शिसवाच्याच पोळपाटावर भाकरी थापत असायची. तिथनंच तिचा आवाज यायचा, "आणि तुम्ही बाभळीसारखं. जळाय बरं, बसाय टोचतंय."

शिसव मी आधी नाकानं शिकले, मग हातानं, आणि पुस्तकातून सगळ्यात शेवटी. ताजं कापलं की गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा गोडसर वास. तोच भुसा नाकात गेला की मात्र शिंकांवर शिंका, डोळे लाल, आणि तुमच्या मनगटांवर खाज सुटून उठलेले चट्टे, ज्यांना आई खोबरेल लावायची. कापताना जांभळट तपकिरी रंग, त्यात काळ्या रेघा, आणि महिने जातील तसा तो रंग खोल होत जाणारा. बाहेरचं पांढरं लाकूड कवळं, त्याला वाळवी लागते. आतल्या गाभ्याला वाळवी तोंड लावत नाही. धाग्यांची वीण अशी की एका बाजूनं गुळगुळीत गेलेला रंधा परतताना टवके उडवतो. आणि त्याच्या अंगात कुठंतरी चुन्यासारखे कण असतात, त्यानं पटाशीची धार तासाभरात जाते. धार लावायचं काम माझं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि धारेच्या दगडाशी बसायचं. माझ्या वर्गातल्या मुलींची मनगटं बांगड्यांसाठी होती, माझी पटाश्यांसाठी. मला त्याचा अभिमान होता, आणि थोडी लाजही, हे इथंच लिहून ठेवते, पुढे लागणार आहे.

खिळा तुम्ही शेडमध्ये ठेवतच नव्हता. "शिसवात खिळा मारणारा सुतार नव्हं, खाटीक." कारण शिसव एवढं घट्ट की गिरमिटानं भोक पाडल्याशिवाय खिळा घातला तर फळीच तडकते. तुमचे सांधे खाचेत कुसू बसवून, वर शिसवाचीच खुंटी ठोकून केलेले. आणि पॉलिश, लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, चिंधीच्या बोळ्यानं, हातावर हात. पहिल्या हाताला चिंधी जांभळी व्हायची, कारण स्पिरिटला शिसवाचा रंग थोडा सुटतो. पाण्याला सुटत नाही. ही गोष्ट मला दहाव्या वर्षापासून माहीत होती. ती एवढी कामाला येईल हे तुम्हालाही माहीत नव्हतं.

आणि तुमची ती रीत. टेबल असो, खुर्ची असो, पाट असो, वरच्या अंगाला आरसा होईपर्यंत पॉलिश, आणि खालच्या अंगाला एक बोटसुद्धा नाही. पेठेत सगळे त्याला उघडं पोट म्हणायचे. इतर सुतार हसायचे. तुम्ही गिऱ्हाइकाचा हात धरून खाली न्यायचात, बाजारात बैलाचे दात दाखवावेत तसा. "वरचं अंग तुमचं, खालचं अंग माझं. माझं हाय ते मी झाकत न्हाय." बाभळीला रंग फासून शिसव म्हणून विकणारे तेव्हाही होते. पोट उघडं असलं की रंग फासता येत नाही, एवढं साधं होतं ते. फळीला कडेला कुठं पांढरं आलं असेल तर तेही तुम्ही तसंच ठेवायचात. वरून पूर्ण गाभा असला की झालं, खालचं पांढरं उलट साक्ष देतं की फळी खऱ्या झाडाची आहे.

संस्थान विलीन झालं आणि राजवाड्याकडची, सरदारांकडची कामं थांबली. नवे साहेब बदलीवर येणारे, त्यांना उचलून नेता येतील अशा घडीच्या खुर्च्या हव्या होत्या. दोन वर्षं तुम्ही चौकटी केल्या, बैलगाडीची जुवं केली, तालमीला मुद्गल करून दिले. थप्पीतलं शिसव तुम्ही रोज संध्याकाळी नुसतं पुसायचात. रंकाळ्याच्या अंगाला एक मोठी लाकडाची वखार होती, तिच्या मालकाचा मेव्हणा फर्निचर करायचा. रंगवलेल्या बाभळीचं. तो घरी येऊन सांगून गेला, "मिस्त्री, या आमच्या शेडात. हात तुमचा, रंग आमचा." तुम्ही त्याला चहा पाजलात आणि दारापर्यंत पोचवलंत. तो गेल्यावर आईनं विचारलं, "जाणार हाय का?" तुम्ही म्हणालात, "बघू. प्वाट भरायचं तर बघाय लागंल." तुमच्या तोंडून "बघू" मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

अशात कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाचं काम निघालं. आठ टेबलं, सात फूट लांब, शिसवाचीच हवीत. दोघांनी एकेक नमुना करून आणायचा, तुम्ही आणि तो मेव्हणा, आणि समितीनं ठरवायचं. समितीत प्राचार्य होते आणि तो वखारवालाही होता. हे काम मिळालं तर तुमची शेड तुमची राहणार होती. नाही मिळालं तर तुम्ही त्याच्या शेडात बाभळीला रंग फासणार होता. माझंही त्यातच होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि आईनं सरळ सांगितलं होतं, काम मिळालं तर पोरगी कॉलेजात, नाहीतर कोडोलीचं स्थळ आलंय ते.

तुम्ही ते टेबल महिनाभर केलंत. मी तुम्हाला एवढं आनंदात कधी बघितलं नाही. सांधा बसवला की कान लावून ऐकायचात आणि बोटानं ठोकायचात. शिसव ठणठणीत वाजतं. "ऐक, बोलतंय बघ," म्हणायचात. वर तीन फळ्या, एकसारख्या, काळ्या रेघा एका फळीतून दुसरीत गेल्यासारख्या जुळवलेल्या. त्यातल्या एका फळीला खालच्या अंगाला, कडेला, दोन बोटं रुंद आणि हातभर लांब पांढरा पट्टा होता. तो तासला असता तर टेबलाचं माप कमी झालं असतं. वरून तो दिसत नव्हता.

वरचं पॉलिश तुम्ही पूर्ण केलंत, टेबल पोत्यांवर उलटं घातलंत, आणि मला पायांना शेवटचे दोन हात मारायला सांगून सायकलवर गारगोटीला गेलात. भुदरगडच्या जंगलातला माल तिथं उतरायचा आणि पुढच्या टेबलांसाठी लाकूड तुम्हाला स्वतः बघायचं होतं. काम मिळणारच अशा थाटात गेलात. मी पायांना दोन हात मारले. पाय असे झाले की आई म्हणाली, ह्यात बघून कुंकू लावता येईल. मग माझं लक्ष त्या उताण्या पोटाकडं गेलं. एवढं देखणं टेबल, आणि पोट असं कोरडं, त्यावर तो पांढरा पट्टा. मी शाळेच्या शाईच्या वड्या आणल्या. निळ्या-काळ्या दोन, तांबडी एक. वाटीत खलून शिसवाचा जांभळट रंग जमवला. फार चांगला जमला, मला आजही त्याचं कौतुक वाटतं. पट्ट्यावर तीन हात दिले, वाळू दिले, आणि मग सगळ्या पोटावर पॉलिश चढवलं. दोन दिवस लागले. तुम्ही आल्यावर खूश व्हाल असं आईला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी कॉलेजचा शिपाई आला. समिती एक दिवस आधी बसणार होती, टेबल लगेच हवं होतं. आईनं तालमीत निरोप दिला. सहा पैलवान आले आणि सहाही जणांनी दोनदा खाली ठेवलं. "काकू, ह्यात दगूड भरल्यात काय?" आई म्हणाली, "बदाम कमी पडल्यात तुमचं." गाडी निघाली, पॉलिशची बाटली आणि चिंध्या घेऊन मी मागून चालले. वाटेत ओरखडा आला तर पुसायला. निरोप मिळाला तसे तुम्ही गारगोटीहून सरळ कॉलेजवर आलात, धुळीनं माखलेले. टेबल तेव्हा आत ठेवून झालं होतं. तुम्ही पोट बघितलं नव्हतं.

प्राचार्य टेबलाभोवती फिरले. धोतर, कोट, गळ्यात उपरणं, बोलणं मोजकं. मेव्हण्याचं टेबलही शेजारी होतं आणि खरं सांगायचं तर वरून तेही वाईट नव्हतं. तुम्ही टोपी काढलीत आणि नेहमीचं वाक्य म्हणालात. "साहेब, वरनं बघू नका. वरनं समदी देखणी असत्यात. खाली हात घाला." आणि दाखवायला म्हणून स्वतःचा हात आधी घातलात. तो थांबला. अजून मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा तो मनगटाशी थांबलेला हातच दिसतो.

"काय झालं मिस्त्री, टेबल चावलं काय?" वखारवाला म्हणाला आणि फेटा सावरत गुडघ्यावर बसून खाली वाकला. आतून त्याचा आवाज आला. "आरं तिच्या मारी. साहेब, ह्येच्या पोटाला बी पॉलिश हाय की. आख्ख्या पेठेत ह्यो एकटा उघडं प्वाट म्हणून मिरवतोय. आजच का झाकलंय, इचारा त्येला." मग खिशातल्या चाकूचा आवाज. लाकडाच्या धंद्यातला माणूस, पांढरं कुठं असतं ते त्याला माहीत होतं. त्यानं बरोबर कडेला खरवडलं आणि खूश होऊन बाहेर आला. "काळ्या म्हशीच्या पोटात पांढरं रेडकू निघालं हो."

प्राचार्यांनी वाकून बघितलं. सरळ झाले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "मिस्त्री, हे काय आहे?"

तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत, चेहऱ्याकडं नाही, हातांकडं. माझी बोटं अजून जांभळी होती.

मी पुढं झाले. "सर, ते मी केलंय."

"झालं," वखारवाला म्हणाला. "बापानं रंगवायचं आणि लेकीनं निस्तरायचं. बरी वाटणी हाय."

मला राग आला होता आणि रागात मला नेहमीच स्पष्ट सुचतं. मी म्हटलं, "सर, ही शाळेची शाई आहे. आमच्या आप्पांना रंग फासायचा असता तर त्यांनी मॅट्रिकच्या मुलीची शाई वापरली नसती. बाजारात याहून पक्के रंग मिळतात. ते कुठं मिळतात हे ह्या काकांना विचारा." प्राचार्यांच्या ओठाची एक कड हलली. मी कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं आणि त्यांचा रुमाल मागितला. पांढरा शुभ्र रुमाल, त्यांनी क्षणभर बघितला आणि दिला. ओला करून खरवडलेल्या पट्ट्यावर चोळला. जांभळा झाला. मग वखारवाल्याला म्हटलं, "काका, तुमचाच चाकू द्या," आणि पट्ट्यापासून वीतभर आत, जिथं प्राचार्यांनी बोट ठेवलं तिथं खरवडलं. दुसऱ्या कोपऱ्यानं चोळलं. रुमाल पांढरा. "शिसवाचा रंग पाण्याला सुटत नाही, सर. आता हा कीस हुंगा." त्यांनी हुंगला. शेजारच्या कारकुनाला दिला. त्यानंही हुंगला आणि म्हणाला, "गुलाब."

मी रुमालाचा तिसरा कोपरा भिजवला आणि मेव्हण्याच्या टेबलाकडं वळले. तेव्हा तुम्ही मध्ये बोललात. "पोरी, तिकडं न्हाय. दुसऱ्याच्या कामाला आपुन हात लावायचा न्हाय." मी जागच्या जागी थांबले. एवढं जिंकत आलेलं सोडून थांबणं मला फार जड गेलं. पण प्राचार्य पुढं आले, माझ्या हातातून रुमाल घेतला आणि वखारवाल्याला म्हणाले, "चाकू?" त्यानं सगळे खिसे चाचपले. कारकून म्हणाला, "मालक, मुलीनं परत दिलाय की, तुमच्या हातातच आहे." प्राचार्यांनी स्वतः खाली बसून खरवडलं, चोळलं, आणि रुमाल सगळ्यांना दिसेल असा धरला. पान खाऊन तोंड पुसल्यासारखा झाला होता. वखारवाला फेटा सोडून पुन्हा बांधायला लागला. तुम्ही मात्र त्या मेव्हण्याजवळ गेलात आणि हळू म्हणालात, "सांधं झ्याक जमल्यात तुमचं. लाकूड तेवढं खरं घ्या." तो दोन वर्षांनी आपल्याच शेडमध्ये कामाला आला, आणि तुम्हाला पोचवायला सगळ्यात पुढं होता.

जाता जाता प्राचार्यांनी मला विचारलं, "मुली, खाली पॉलिश करायचं नाही हे वडिलांनी सांगितलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "नाही सर. मला माहीत नव्हतं."

तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. माझं सांगायचं ऱ्हायलं."

"मग अजून सात करा," ते म्हणाले. "आणि खाली पॉलिश नको. हिला मॅट्रिक झाली की इकडं पाठवा. चाकू घरी ठेवून ये म्हणावं."

त्या दुपारी तुम्ही तिथंच फरशीवर उताणे झोपलात आणि पोटावरचं सगळं पॉलिश खरवडून काढलंत. माझी शाईसुद्धा. मी नुसती हत्यारं देत होते. वखारवाल्यानं पाडलेला खड्डा तुम्ही बुजवला नाहीत. घरी आलो तर तालमीतले सगळे दारात. आईनं रस्सा केला आणि सहा पैलवानांना जेवायला बसवलं, आणि कोडोलीला निरोप धाडला की पोरगी शिकणार आहे, थांबायचं तर चार वर्षं थांबा. ते थांबले नाहीत. मला त्याचं काडीइतकं दुःख झालं नाही. पुढच्या दोन वर्षांत सात टेबलं झाली, मग कोर्टातल्या वकिलांच्या खुर्च्या, मग दवाखान्याची कपाटं, आणि शेडमध्ये तुम्ही पुन्हा गिऱ्हाइकांना थांबायला सांगू लागलात. मी कॉलेजात गेले ती रोज त्या टेबलांवर बसून वाचायला. पेठेतली सुताराची मुलगी बी. ए. झाली, गारगोटीच्या शाळेत शिक्षिका झाली, तिथेच मुख्याध्यापिका झाली. सगळं त्या रुमालापासून.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला पट्टी दिलीत. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून काढलेली, एक कड काळी, एक कड पांढरी. पांढऱ्या बाजूला पॉलिशही नव्हतं. म्हणालात, "पांढरं कवळं असतंय. किडा पयला तितंच लागतोय. नदर ठेव." मला वाटलं, लाकडाबद्दल बोलताय. ती पट्टी मी छत्तीस वर्षं वर्गात नेली. कुणाच्या हातावर कधी मारली नाही. टेबलावर एकदा टेकवली की शिसवाचा तो ठणठणीत आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि वर्ग गप्प व्हायचा. आता ती माझ्यासमोर आहे. काळी कड जशीच्या तशी. पांढऱ्या कडेला किड्यानं तीन भोकं पाडली आहेत. मी नजर ठेवली होती तरी.

ही रुमालाची गोष्ट मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला सांगितली. चूक झाली की हात वर करायचा, आपला हात जांभळा असेल तर तो खिशात घालायचा नाही. मुलांना पाठ असायची. अजून कुणी साठीचे गृहस्थ रस्त्यात भेटतात आणि म्हणतात, बाई, शाईचं टेबल. पुढच्या महिन्यात शाळेनं पुन्हा बोलावलंय, तीच गोष्ट सांगायला. परवा ग्रंथालयातून घरी आले, भाषण लिहायला घेतलं आणि नेहमीचं वाक्य आलं, "मला कुणी सांगितलं नव्हतं." तिथं पेन थांबलं, तुमचा हात थांबला होता तसं. म्हणून भाषण बाजूला ठेवून हे लिहिते आहे.

गारगोटीला जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही म्हणाला होता, "पायांना दोन हात मार. पोटाला हात लावू नगंस. पांढरं हाय तसं ऱ्हाऊ दे." आणि सकाळी सायकलवर टांग टाकताना पुन्हा तेच. मी विसरले नव्हते. उद्या मी त्या कॉलेजात जाणार, मुली खाली पडलेलं पुस्तक उचलायला वाकणार आणि त्यांना दिसणार की सुताराला फळी पुरली नाही. एवढंच माझ्या मनात होतं. मला तुमच्या कामाची लाज वाटली, आप्पा, महिनाभर खपून तुम्ही केलेल्या सगळ्यात सुंदर कामाची. आणि बोटभर लाकूड कधी न झाकलेल्या तुम्ही, साहेबांसमोर उभं राहून, मला झाकलंत. नंतर वीस-बावीस वर्षं तुम्ही होतात आणि गारगोटीहून मी दर सुट्टीला घरी येत होते. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत आणि मी एकदाही सांगितलं नाही.

हे पत्र पाकिटात घालणार नाही. टेबलावर पट्टीखाली उघडंच ठेवते, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचलं तरी चालेल. शाळेत मात्र या वेळी ते वाक्य बदलून सांगणार आहे. तुम्ही दोनदा सांगितलं होतं, आणि मी दोन्ही वेळा "व्हय" म्हणाले होते.